ध्यान आणि मोजपट्टी

आठवीच्या वर्गात श्वसनसंस्थेचा पाठ चालू असला, की एखादा तरी विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, प्राणायाम केला की शरीराला प्राणवायू जास्त मिळतो ना?" पाठोपाठ मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न येतो, "ध्यानाला बसलेले योगी हृदय थांबवू शकतात, हे खरं का?" २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला शाळाशाळांतून योग दिन साजरा होऊ लागला आणि अशा प्रश्नांना निमित्तही मिळाले. शिक्षकांपुढे तेव्हा दोन सोपे मार्ग असतात. "आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते," असे म्हणून मोकळे व्हायचे, किंवा "ही सगळी थोतांडे आहेत," असे सांगून फळ्यावरच्या फुप्फुसांच्या आकृतीकडे वळायचे. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सांगायची राहून जाते. हे प्रश्न प्रयोगशाळेत विचारले गेले आहेत, आणि ते पद्धतशीरपणे विचारण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत पुण्या-मुंबईच्या वाटेवरील लोणावळ्याच्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे. त्या प्रश्नांची कहाणी येथे सांगायची आहे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा केलेला बरा. पतंजलीच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत. आसन आणि प्राणायाम ही त्यांतील तिसरे आणि चौथे अंग. धारणा, ध्यान आणि समाधी ही शेवटची तीन. म्हणजे आज ज्याला आपण सरसकट 'योगा' म्हणतो ती शरीराची वळणे, परंपरेच्या दृष्टीने, मन स्थिर करण्याची पूर्वतयारी होती. मन एका ठिकाणी बांधणे ती धारणा, ते तेथे अखंड वाहत राहणे ते ध्यान. मराठी वाचकाला ही वाट ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायामुळे परिचित आहे. आसन कोठे घालावे येथपासून कुंडलिनीच्या जागृतीपर्यंतचे सविस्तर वर्णन तेथे येते. मात्र हे वर्णन साधकाच्या अनुभवाचे आहे. आतून काय वाटते ते त्यात आहे. बाहेरून दुसऱ्या कोणी काय मोजावे, हा त्या ग्रंथांचा प्रश्नच नव्हता.

बाहेरून पाहणाऱ्यांचे कुतूहल जागे झाले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही शांतीपेक्षा चमत्कारामुळे. १८३७ मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंगांच्या दरबारात हरिदास नावाच्या साधूला पेटीत बंद करून सुमारे ४० दिवस पुरून ठेवले आणि नंतर जिवंत बाहेर काढले, अशी हकिकत तेथील इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली आहे. ती इंग्लंडात पोहोचली. संमोहनाचा अभ्यास करणारे जेम्स ब्रेड यांनी १८५० मध्ये या विषयावर पुस्तिकाच काढली आणि माणसाची ही अवस्था प्राण्यांच्या शीतनिद्रेसारखी असावी, असा तर्क मांडला. त्याच सुमारास नवीनचंद्र पाल या कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या बंगाली डॉक्टरांनी योगावर एक छोटा ग्रंथ लिहिला. योगी कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि म्हणून हवेवाचून अधिक काळ राहतो, हे त्यांचे म्हणणे. तर्क हुशारीचे होते. पण दोघांच्याही हातात मोजलेला एकही आकडा नव्हता.

आकडे आणण्याचे काम ज्यांनी मनावर घेतले ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांचा जन्म १८८३ चा. संस्कृतचे विद्वान, बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, आणि आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे म्हणजे व्यवसायाने शिक्षक. खानदेशात अमळनेरला त्यांनी शिकवले आणि प्राचार्यपदही सांभाळले. नर्मदाकाठी मालसरला राहणाऱ्या परमहंस माधवदासांकडून ते योग शिकले. गुरूकडून मिळालेल्या विद्येवर त्यांची श्रद्धा होती. पण शरीरात जे घडते म्हणून सांगितले जाते ते खरोखर घडते का, हे यंत्राने तपासायला श्रद्धेची हरकत असू नये, असे त्यांचे मत होते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास सुरू केला. १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. या त्रैमासिकाचे शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकांसाठीचा असे वेगवेगळे विभाग होते. कोणते विधान प्रयोगातून आले आहे आणि कोणते परंपरेतून, हे वाचकाला कळावे म्हणून केलेली ही व्यवस्था आजही अनेक नियतकालिकांनी उचलावी अशी आहे.

त्यांचा गाजलेला शोध नौलीचा. नौलीत पोटाचे उभे स्नायू आवळून पुढे काढतात. बस्तीच्या क्रियेत योगी गुदमार्गाने पाणी वर ओढून घेतात, ते कसे, असा प्रश्न होता. कुवलयानंदांनी साधकाच्या मोठ्या आतड्यात नळी घालून ती दाबमापीला जोडली, तेव्हा नौलीच्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे पाऱ्याच्या पातळीवरून दिसले. पेल्यातून नळीने सरबत ओढताना जे घडते तेच. या अंशतः निर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले आणि तो 'माधवदास निर्वात' म्हणून ओळखला गेला. गूढ वाटणाऱ्या क्रियेचे साध्या भौतिकशास्त्रात रूपांतर झाले. ते करताना एका शिष्याला आपण गुरूचा अवमान करतो आहोत असे वाटले नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

प्राणायामाची गोष्ट याहून बोधप्रद आहे, आणि पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कुवलयानंदांनी प्राणायामातील श्वासवायूंचे मापन केले आणि आपल्या लेखनात स्पष्टपणे सांगितले की, प्राणायामाने नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. श्वास खोल असतो खरा, पण मिनिटाला श्वासांची संख्या फार कमी झालेली असते. योगाच्या प्रचाराला वाहून घेतलेल्या माणसाने, प्रचाराला सोयीचे असे विधान स्वतःहून खोडून काढावे, ही छोटी गोष्ट नव्हे. दुर्दैव असे की त्यांचे योगासनांचे वर्ग लोकांना आठवतात, ही दुरुस्ती आठवत नाही.

ही समजूत एवढी चिवट का, याचे एक कारण आपल्या भाषेत दडलेले आहे. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांनी ऑक्सिजनला 'प्राणवायू' हे नाव दिले. तो जगण्याला आवश्यक, म्हणून नाव सुरेखच आहे. पण योगग्रंथांतील 'प्राणवायू' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या शरीरातील पाच वायूंपैकी तो एक. त्याचा हवेतल्या २१ टक्के वायूशी संबंध नाही. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटले आणि प्राणायाम म्हणजे ऑक्सिजनचा आयाम, असे समीकरण मुलांच्या मनात आपोआप तयार झाले. शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिले, तर निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन सुमारे ९५ ते ९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय साधणार? उलट, जोरजोरात श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. भस्त्रिका करताना हाताला मुंग्या आल्या तर 'शक्ती जागी झाली' असे न समजता थांबावे, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

१९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोव्हूर बेहानन हे मूळचे केरळचे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला आले. कुवलयानंदांच्या हाताखाली ते योग शिकले आणि परत गेल्यावर स्वतःवरच प्रयोग करून त्यांनी १९३७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांच्या मोजणीत उज्जायी प्राणायाम करताना शरीराचा ऑक्सिजनचा खप सुमारे २४ टक्क्यांनी वाढला, भस्त्रिका आणि कपालभातीत त्याहून कमी. हे वरच्या परिच्छेदाशी विसंगत वाटेल, पण तसे नाही. खप वाढला याचा अर्थ श्वसनाच्या स्नायूंना काम पडले. जिना चढतानाही खप वाढतो. त्यांची दुसरी मोजणी आम्हांला अधिक मनोरंजक वाटते. प्राणायामानंतर लगेच त्यांनी बेरजा करणे, सांकेतिक लिपी उलगडणे, रंगांची नावे सांगणे अशा चाचण्या स्वतःला दिल्या. प्राणायामाने बुद्धी तल्लख होईल अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात त्यांचा वेग मंदावला! तरीही मन अधिक स्थिर आणि आनंदी राहते, असा अनुभव त्यांनी त्याच पुस्तकात नोंदवला. मनाला आलेली शांतता आणि बेरजांचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणिताच्या तासाआधी प्राणायाम घेणाऱ्या शाळांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही, मात्र एका माणसाने स्वतःवर केलेला प्रयोग किती ताणायचा, याचे भान ठेवून.

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. १९३५ मध्ये तेरेझ ब्रोस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाचा विद्युतालेख काढणारे वाहून नेता येईल असे यंत्र घेऊन भारतात आल्या. त्यांनी घेतलेल्या एका आलेखात हृदयाच्या लहरी जवळजवळ शून्यावर आलेल्या दिसल्या आणि योगी हृदय थांबवतात ही वार्ता शास्त्रीय नियतकालिकातून जगभर गेली. पुढची वीस वर्षे तिची फेरतपासणी कोणी केली नाही.

ती झाली १९५७ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वेंगर आणि मिशिगन विद्यापीठाचे बसुकुमार बागची हे दोघे आठ वाहिन्यांचे नोंदयंत्र बरोबर घेऊन भारतात आले आणि काही महिने हिंडले. यांतील बागचींचे आयुष्य कादंबरीला शोभेल असे आहे. तरुणपणी ते स्वामी धीरानंद होते आणि परमहंस योगानंदांचे सहकारी म्हणून अमेरिकेत गेले होते. १९२९ मध्ये ते त्या कार्यापासून अलग झाले, पुन्हा विद्यार्थी बनले, डॉक्टरेट मिळवली आणि मेंदूच्या विद्युतालेखांचे तज्ज्ञ झाले. ध्यान आतून माहीत असलेला माणूस आता ते बाहेरून मोजायला आला होता.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालकृष्ण आनंद यांच्या सहकार्याने त्यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची परीक्षा घेतली. प्रात्यक्षिकात मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी झाली. स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येईनात. एखादा डॉक्टर तेथे उभा असता तर त्याने शपथेवर साक्ष दिली असती. पण विद्युतालेखावर हृदयाची आकुंचने एकामागून एक उमटत होती! उलगडा असा : श्वास कोंडून, घसा बंद करून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीच्या पोकळीतील दाब वाढतो. हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरांच्या भिंती पातळ असतात, त्या दबतात. हृदय चालूच असते, मात्र पुढे ढकलायला त्याच्याकडे पुरेसे रक्त नसते. म्हणून नाडी लागत नाही. ठोक्यांचा क्षीण झालेला आवाज स्नायूंच्या आवाजात बुडतो. हा लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. (हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करून पाहायचा नाही. त्यात भोवळ येऊ शकते.)

एवढ्यावरून बागची आणि वेंगर 'सगळे खोटे' या निष्कर्षावर आले नाहीत, हे महत्त्वाचे. त्यांना असा एक योगी भेटला की ज्याला सांगितले असता काही मिनिटांत कपाळावर घाम आणून दाखवता येत असे. घाम स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतो. तो इच्छेने आणता येत नाही असे आपण शिकवतो. या माणसाने ही विद्या कोठून मिळवली? तो हिवाळ्यात हिमालयातील गुहांमध्ये अपुऱ्या वस्त्रांनिशी राहिला होता आणि थंडी सुसह्य व्हावी म्हणून उबेचे ध्यान करीत असे. पुढे उबेच्या कल्पनेबरोबर घामही येऊ लागला. पावलोव्हच्या कुत्र्याचा धडा शिकवताना ही गोष्ट सांगून पाहावी.

मेंदूच्या लहरींचा अभ्यासही याच काळातला. डोळे मिटून स्वस्थ बसले की मेंदूच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या 'अल्फा' लहरी मिळतात. डोळे उघडले वा मोठा आवाज झाला की त्या मोडतात. कलकत्त्याचे दास आणि फ्रान्सचे गास्तो यांनी १९५० च्या दशकात क्रियायोगाच्या साधकांचे आलेख घेतले, तेव्हा गाढ ध्यानात लहरी जलद झालेल्या दिसल्या. उलट आनंद, छिना आणि सिंग यांच्या १९६१ च्या दिल्लीच्या अभ्यासात चार योग्यांच्या समाधीत अल्फा लहरी मोठ्या आणि अखंड राहिल्या. प्रखर प्रकाश, दणका, गरम काचनळीचा स्पर्श यांनीही त्या मोडल्या नाहीत. दोघा योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात बुडवून ठेवला आणि त्यांच्या अल्फा लहरी चालूच राहिल्या. ज्यांना हा आकडा किरकोळ वाटतो त्यांनी बर्फ घातलेल्या पाण्यात दोन मिनिटे हात ठेवून पाहावा. निष्कर्ष मात्र एकमेकांविरुद्ध होते : एकीकडे जलद लहरी, दुसरीकडे शांत. साधनेचे प्रकार वेगळे, साधक मोजके, आणि आलेखात स्नायूंचे विद्युतस्पंदन मिसळण्याची शक्यता नेहमीचीच.

दिल्लीत आणखी एक प्रयोग झाला. रामानंद योगी हवाबंद पेटीत काही तास बसले आणि त्यांचा ऑक्सिजनचा खप त्यांच्या नेहमीच्या विश्रांतीतील खपापेक्षा बराच खाली आला, असे आनंद आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये नोंदवले. हा मोजलेला बदल आहे. परंतु हवाबंद पेटीत बसून राहणे हाच चमत्कार मानायचा असेल, तर आधी थोडे अंकगणित करावे. समजा, पेटी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे. म्हणजे तिच्यात २,००० लिटर हवा मावते आणि त्यात सुमारे ४२० लिटर ऑक्सिजन असतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे तासाला १५ लिटर ऑक्सिजन वापरतो. ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर यायला १२० लिटर खर्चावे लागतील. त्याला ८ तास लागतात! समाधी, साधना काहीही नसलेला तुमच्या-आमच्यासारखा माणूसही तेवढा वेळ तग धरील. त्याला आधी नकोसे होईल ते कार्बन डायऑक्साइडमुळे. तेवढ्या वेळात सुमारे १०० लिटर कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणजे जवळजवळ ५ टक्के. धाप लागते, डोके ठणकते. धोका खराच आहे, आणि पेटी लहान असेल तर तो लवकर येतो. म्हणून हे फळ्यावरचेच गणित.

आणि हाच विचार लोणावळ्यात प्रयोगाच्या रूपाने झाला. कैवल्यधामाच्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी हवाबंद खड्डा तयार करून त्यात योगाचा सराव असलेल्यांबरोबरच सराव नसलेल्या माणसांनाही बसवले. १९६८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : किती वेळ राहता येईल हे ठरवण्यात मुख्य हात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. साधा माणूसही अनेक तास आत राहू शकला. लाहोरच्या हकिकतीपासून सव्वाशे वर्षे लोक 'योगी खड्ड्यात किती वेळ राहिला' एवढेच विचारीत आले होते. 'शेजारच्या खड्ड्यात आपला भाऊ किती वेळ राहिला असता' हा प्रश्न आम्हांला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. कुवलयानंद तोपर्यंत, १९६६ मध्ये, निवर्तले होते.

कारण पुढे अमेरिकेत जे घडले ते याच प्रश्नाभोवती फिरते. १९७० मध्ये रॉबर्ट वॉलेस यांनी आणि लगोलग हर्बर्ट बेन्सन यांच्याबरोबर, महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाच्या साधकांची मोजणी केली. ३६ जणांच्या अभ्यासात ध्यानाच्या वेळी ऑक्सिजनचा खप सुमारे १७ टक्क्यांनी उतरला. ही झोपही नाही, जागृतीही नाही, अशी निराळीच अवस्था आहे, असे म्हटले गेले. बेन्सन स्वतः मात्र पुढे म्हणू लागले की अशी विश्रांती एका विशिष्ट मंत्राची मिरास नाही; कोणताही साधा शब्द श्वासागणिक म्हटला तरी ती साधते. १९७६ मध्ये पॅगानो आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी साधकांच्या मेंदूलहरी ध्यानकाळात नोंदवल्या, तर त्यांचा सुमारे ४० टक्के वेळ चक्क झोपेत गेला होता. दुपारच्या तासाला शेवटच्या बाकांवर जी समाधी लागते तिचे निदान करायला आम्हांला या निबंधाचा फार उपयोग झाला आहे.

१९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यानाचे साधक तसेच ध्यान न करणारे लोक अशा गटांना एकाच प्रयोगात एकसारखे टिकटिक आवाज ऐकवले. मेंदू आवाजाला सरावण्याच्या बाबतीत गटागटांत फरक सापडला नाही. समाधीत बाहेरचे जग मेंदूपर्यंत पोहोचत नाही, हे दिल्लीचे निरीक्षण येथे पुन्हा मिळाले नाही. (यांतून दिल्लीचे चार योगी खोटे ठरत नाहीत, अमेरिकेतील साधक त्या योग्यतेचे नव्हते, असेही म्हणता येते. पण मग त्या योग्यतेचे साधक पुन्हा तपासायला हवेत.) १९८४ मध्ये डेव्हिड होम्स यांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळून विचारले की, ध्यान करणाऱ्याची तुलना नुसते डोळे मिटून आरामात बसणाऱ्याशी केली तर? नाडी, श्वसन, रक्तदाब, त्वचेची विद्युतवाहकता, कशातही ध्यान सातत्याने सरस ठरत नाही, असे त्यांना आढळले. भावातीत ध्यानाच्या विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ मध्ये आपली आकडेमोड मांडून याला उत्तर दिले. वाद पूर्ण मिटला असे नाही. पण तेव्हापासून तुलनेचा गट नसलेल्या ध्यानसंशोधनाकडे जाणकार भुवया उंचावून पाहू लागले.

मग ध्यानाच्या परंपरेने सांगितलेली शांती कोठे गेली? ती तेथेच आहे. आपण ती हृदय थांबण्यात आणि खड्ड्यात बसण्यात शोधत होतो एवढेच. २००१ मध्ये इटलीच्या बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळ आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली, आणि रक्तदाब सावरणारी शरीरातील यंत्रणा अधिक संवेदनक्षम झाली. मंत्राचा अर्थ वेगळा, धर्म वेगळा, लांबी मात्र एका संथ श्वासाएवढी. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. श्वास सावकाश केला की हा झोका मोठा होतो. हे आपण मनगटावर बोट ठेवून स्वतः ताडून पाहू शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांतील ३,५१५ लोकांच्या माहितीचा आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. व्यायाम वा औषधांसारख्या इतर उपायांहून ते सरस आहे, याला मिळाला नाही. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूची रचना बदलते, असे वर्तमानपत्रांतून बरेच छापून आले होते. २०२२ मध्ये तुलनागटांसह केलेल्या मोठ्या अभ्यासात तसा बदल आढळला नाही. आत्मिक उन्नतीबद्दल या साऱ्या यंत्रांना काही म्हणायचे नाही, आणि ते त्यांचे कामही नाही.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग शेवटी सुचवतो. अर्धा वर्ग दहा मिनिटे डोळे मिटून श्वास मोजत बसेल. उरलेला अर्धा गोष्टीचे पुस्तक मनातल्या मनात वाचेल. आधी आणि नंतर प्रत्येकाने आपली नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करायची, म्हणजे मुळातच शांत मुले एका गटात गेल्याची शंका राहत नाही. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मुलांना निवडू देऊ नये. आम्ही हा प्रयोग एका शाळेत नववीच्या वर्गात करून पाहिला. दोन्ही गटांची नाडी थोडी उतरली आणि दोहोंत सांगण्यासारखा फरक दिसेना. मुले हिरमुसली. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण सर, गोष्ट मजेची होती म्हणून शांत वाटलं असेल. त्यांना बीजगणित दिलं असतं तर?" पुढच्या आठवड्यात वर्गात तीन गट झाले.